कलावस्तीतली पहिली गोधडी

१० नोव्हेंबर १९८७
...भांडी घासून मी ओसरीत उपडी घालत होते, केर काढायचा राहिला होता, तेवढ्यात देवानंद सायकल टेकवून आत आला. दसऱ्यानंतरची ती सकाळ. हे गेल्यामुळे चरोद्याचं रेल्वे क्वार्टर सोडायची नोटीस दारावर लागलेली. देवानंद माझा पुतण्या. त्याची आई लवकर गेली, म्हणून माझ्याच हाताखाली वाढला. आता एका कचेरीत कारकून आहे. दारातूनच ओरडला, "काकू, भांडी आवर, तुले घर भेटलं!"

खुर्सीपारच्या मागची जुन्या क्वार्टरांची लाइन ओस पडली आहे. ती पुन्हा नांदती व्हावी म्हणून त्याच्या कचेरीने कलावस्ती काढली. कलाकारांना घर फुकट, दिवाबत्ती फुकट. मी म्हटलं, मी कुठली कलाकार? तर म्हणे, गोधड्या शिवतेस ना, मग!

आज त्या घरात आले. दोन खोल्या, मागे जांबाचं झाड, नळाला खरंच पाणी. यांच्या जुन्या शर्टांची गोधडी अंथरुणावर ठेवली. हे गेल्यापासून मी तीच पांघरते. वाचनालयातलं पुस्तक उशाशी. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत मी अक्षरं शिकले. आता दारावरच्या पाटीवर माझं नाव आहे, वसुंधराबाई, आणि खाली ‘कलाकार’. येता-जाता वाचते.

१४ नोव्हेंबर
शेजारी रुक्मा राहते. गोंदियाकडची, माझ्यासारखीच एकटी. शिंदीच्या पानांच्या चटया विणते. तिला म्हटलं, फुकटच्या घराची भीती वाटते गं. ती हसली. "कायची भीती वं? माहेरापक्षा बरं. इथं भावजय त नाही!"

अट एकच. इथे केलेली पहिली वस्तू विकायची नाही, घरातच वापरायची. रुक्माची चटई झाली, ती तिच्यावरच झोपते.

२२ नोव्हेंबर
माझी गोधडी झाली. मधे लाल चौकटी, कडेला हिरवं लुगडं. देवानंद हात फिरवून पाहत राहिला. थंडी पडली, आजपासून हीच घे, म्हणाला. पण यांची सोडवत नाही. नवी घडी घालून पेटीवर ठेवली.

२९ नोव्हेंबर
रुक्मा दिसत नाही. देवानंद म्हणतो, लेकीकडे गेली. पण संध्याकाळी तिच्या घरातून फोडणीचा वास येतो, खिडकीत उजेड असतो. आज एक कुटुंब लाइन बघायला आलं. देवानंद त्यांना रुक्माची खिडकी दाखवत होता, बघा, कसं नांदतं आहे. जाताना मला पुन्हा विचारलं, नवी गोधडी घेतली का अंगावर?

५ डिसेंबर
दुपारी रुक्माकडे गेले. तिच्या चपला दारातच. दार नुसतं लोटलेलं. चूल थंड, राख जुनी. मग फोडणी कोण घालतं? चटई पसरलेली होती. हात लावला तर गरम. पानांच्या पट्ट्यांमधून पांढरे केस, विणीत सारखे बसवलेले. एक ओढून पाहिला.

चटई म्हणाली, हळू वं बाई.

रुक्माचा आवाज.

८ डिसेंबर
नवी गोधडी पेटीवर नव्हती. माझ्या अंथरुणाशेजारी पसरलेली होती. एक कड उचललेली — कुणाला झोपायला जागा करून द्यावी तशी.

१० डिसेंबर
देवानंदला सगळं सांगितलं. तो नाही म्हणाला नाही. चहा बशीत ओतून सावकाश प्यायला. आधी चित्रकार आणले, गाणारे आणले, सगळे निघून गेले, म्हणाला. घर धरून राहणारं माणूस लागतं. म्हणून मग विणणारे, शिवणारे. इथल्या पहिल्या अंथरुणा-पांघरुणात जो झोपेल त्याला घर सोडत नाही. मग दिवे लागतात, लोक राहायला येतात. लाइन भरली नाही तर त्याची नोकरी जाते. कोणीतरी लागतंच.

"मीच काहून?" विचारलं.

"तुह्यामागं रडणारं कोण हाय, काकू?"

रागाने नाही. पाऊस येईल म्हणावं तसं.

याला गोवर आला तेव्हा मी मांडीवर घेऊन बसले होते.

१३ डिसेंबर
स्टेशनवर जाऊन बसले. चरोद्याच्या घरात आता दुसरे लोक. जायचं तरी कुणाकडे —

परत आले. गोधडी उंबऱ्यावर होती. उबदार.

१५ डिसेंबर
यांची गोधडी नाही. पेटीत नाही, दोरीवर नाही. समोरच्या बाईने पाहिलं, देवानंद सायकलवर बांधून घेऊन गेला. यांचे शर्ट — तेवढेच तर उरले होते —

थंडी फार. नवी गोधडी पायाशी. झोपायचं नाही. डोळे —

१६ डिसेंबर
आज त्याला जेवायला बोलावलं. रागावली नाहीस ना, म्हणाला. नाही म्हटलं. वरण, भाकर, मिरचीचा ठेचा. पोटभर जेवला. ओसरीतल्या उन्हात त्याला झोप लागली.

नवी गोधडी आणली. त्याच्या अंगावर घातली. कड पायांखाली नीट खोचली, तो लहान असताना —