बाबागाडीतली जात्याची तळी

इंझोरी, ता. १२ एप्रिल १९७४

तीर्थरूप दादा यांस,
विमलचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्याकडे माझी एक वस्तू राहिली आहे. विशाखाचं नाव ठेवलं त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होता की भाची उभी राहू लागली की पांगुळगाडा मामाचा. मग ती दहा महिन्यांची असताना तो ताप आला, अकोल्याच्या डॉक्टरांनी पोलिओ सांगितला आणि त्या गाड्याचं नाव पुन्हा कुणीच काढलं नाही. आता ती सहाची झाली. उजवा पाय लुळा आहे, डाव्यात जोर आहे. हातांवर खुरडत ओट्यापर्यंत येते.

परवा शाळेत तिचं नाव घालायला गेले होते. गुरुजी माणूस वाईट नाहीत. म्हणाले, नाव घालतो, पण ही रोज येणार कशी? शाळा सुरू होताच पट पक्का होतो, तोवर काही सोय करा, नाहीतर पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षीही ते हेच म्हणतील. मी सकाळीच मजुरीला जाते, हे सालदार म्हणून वर्षभर बांधलेले, सासूबाईंचे गुडघे धरलेले. आमच्या वस्तीपासून शाळा अर्धा मैल. तेव्हा गाडी पाठवा. लहान लेकरांची तीन चाकांची नको, तिच्या मापाची पाहा. मी मागते आहे, रडत नाही, हे ध्यानात असू द्या.

वहिनींना जयभीम. लोभ आहेच, तो आता चाकांवर येऊ द्या.
तुमची बहीण,
विमल


नागपूर, ता. ३ मे १९७४

चि. सौ. विमल हिस,
पंजाबरावाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीनं मोठ्यानं वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. विमल, आज कबूल करतो. तो पांगुळगाडा मी आणला होता. लाल चाकांचा. तापाचं कळलं त्याच आठवड्यात शेजारच्यांना देऊन टाकला, घरात दिसायला नको म्हणून. मला त्याची लाज वाटते.

आमच्या ऑफिसातल्या साहेबांची बदली झाली, त्यांच्या घरची बाबागाडी मागून घेतली. बाईसाहेब तिला प्रॅम म्हणतात, स्टेशनावरचा हमाल ढकलबंडी म्हणाला. चार रबरी चाकं आहेत, वर उघडमीट छत्री. आपल्या आठ वर्षांच्या अनिलला बसवून पाहिलं, मावतो. कारंजा स्टेशनावर पार्सल येईल, सोडवून घे. विशाखाला आत बसवायचं आणि शाळेत जाणाऱ्या एखाद्या मोठ्या पोरीला ढकलायला सांगायचं. एक कर, पोरीसमोर कुणाला पांगुळगाडा म्हणू देऊ नकोस. त्यातला अर्धा शब्द तिला चिकटेल.

सासूबाईंना जयभीम. माया आहे तशीच ठेव, उशिराबद्दल रागाव.
तुझा दादा,
पंजाबराव


इंझोरी, ता. २२ मे १९७४

तीर्थरूप दादा यांस,
विमलचा सविनय जयभीम. वि. वि.

गाडी पोचली. एसटीच्या टपावर जागा नव्हती, म्हणून कारंज्याहून मी ती ढकलतच घरी आणली. वाटेत जो भेटेल तो लेकरू पाहायला वाकायचा आणि आत मिठाची पिशवी नि घासलेटचा डबा. एका म्हातारीनं तर पाहण्याआधीच लेकरू गोरं आहे म्हणून सांगून टाकलं.

पण तुमची भाची त्यात बसेना. तिनं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हे लायन्या लेकराची गाडी हाये. मी काय लायनी हाय?" गूळ दाखवला, दटावलं, शेवटी एक धपाटाही दिला. नाहीच बसली. तिसऱ्या दिवशी शेतातून येते तर हनुवटी फुटलेली, फ्रॉकवर रक्त आणि गाडी उलटी पडलेली. गाडीचा दांडा धरून ती उभी राहिली होती म्हणे. सासूबाई रडत म्हणत होत्या की असा कसा हा पांगुळगाडा पाठवला मामानं.

तुम्हाला नको होता तो शब्द आला. विशाखानं मला विचारलंच, तो काय असतो? मी लपवलं नाही. सांगितलं की चालायला शिकताना सगळ्यांनाच तो लागतो, तुझ्या बाबांनाही लागला होता. कुणाला चार महिने लागतो, कुणाला जास्त दिवस. ती म्हणाली, मग मला जास्त दिवस लागेल. शब्द चिकटला नाही, दादा.

आता ऐका. आम्ही दळण गिरणीवर नेऊ लागलो, तेव्हापासून सासूबाईंचं जातं कोपऱ्यात पडून आहे. त्याला कुणाला हात लावू देत नाहीत. त्या रडायच्या थांबल्या, जात्याकडे बोट करून म्हणाल्या, "त्याची तळी ठेव गाडीत, माय. वजन राह्यलं का नाई उलटत." जात्याचा तो खालचा जड दगड गाडीत ठेवला. आता गाडी उलटत नाही. विशाखा दांडा धरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते. चालते, असं लिहिताना माझा हात थांबला, पण लिहिते. चालते.

वहिनींना आता बोलायला सांगा. ममता असू द्यावी.
विमल


नागपूर, ता. ३० मे १९७४

चि. सौ. विमल हिस,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचून आनंद व्हायला हवा होता, मला धडकी भरली. मी गाडी बसायला पाठवली होती. इथल्या हाडांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, लुळ्या पायाचा गुडघा कधीही मुडपेल. आधी पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर हवा, त्याला नंबर लागतो. तोवर तिला चालवू नका.

इथे नागपुरात पादचाऱ्यांसाठी रस्त्याच्या कडेला वेगळी फरसबंद वाट आहे, पाट्या आहेत, तरी धडधाकट माणसं पडतात. तुमच्याकडे काळी माती आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. पोर पडली, हाड मोडलं, तर मी स्वतःला काय सांगू? एकदा मी गाडा देऊन टाकला, आता दिला तर असा. हट्ट सोड. तिला उचलून आत बसव.

रागानं लिहिलं नाही, भीतीनं लिहिलं. जिव्हाळा कमी करू नकोस.
तुझा दादा


इंझोरी, ता. ५ जुलै १९७४

तीर्थरूप दादा यांस,
विमलचा सविनय जयभीम. वि. वि.

कॅलिपरचं तुमचं म्हणणं मान्य. नंबर लावा, बोलावतील तेव्हा तिला घेऊन येते. बाकीचं मान्य नाही. पादचाऱ्यांची वेगळी वाट तुमच्या नागपुरात असेल. आमच्या गावात तर रस्ताभर पादचारीच आहेत, चार बैलगाडीवाले सोडले तर बसून कोण जातं? मग तिलाच का बसवायचं? पडली तर उठेल. बसून राहिली तर तिला उठवणार कोण?

सोमवारी शाळा सुरू झाली. रात्री पाऊस होऊन गेला होता. हे म्हणाले, आज राहू दे. विशाखा म्हणाली, गुरुजी उद्या पट बंद करतील. हातात काडी घेऊन निघाली. दहा पावलं टाकायची, थांबायचं, एका हातानं दांडा धरून चाकाचा चिखल काडीनं काढायचा, की पुन्हा दहा पावलं. मी शेतात निंदणाला गेले नाही. लांबून बाभळींच्या आडोशानं मागं चालत होते. ती दोनदा पडली. दोन्ही वेळा मी पदर तोंडात धरला आणि जागची हलले नाही. दादा, आईला याहून अवघड काम नसेल. तुम्ही म्हणाला ते सगळं त्या वेळी मला आठवत होतं.

पोचली तेव्हा प्रार्थना कधीच झाली होती. गुरुजी बाहेर आले, गाडीत पाहिलं तर दगड. कुणी आणून सोडलं म्हणून विचारलं. ती म्हणाली, "कोनीच नाई. मी चालत आली." गुरुजींनी रस्त्यावरच्या चिखलातला चाकांचा माग पाहिला. मग आत जाऊन पट घेऊन आले आणि तिच्यासमोर ओट्यावर बसून तिचं नाव लिहिलं.

हनुवटीवर व्रण राहिला आहे, बाकी खुशाल. धाकटीचा हट्ट पोटात घाला.
विमल


इंझोरी, ता. ३० मार्च १९७६

तीर्थरूप मामा यांस,
विशाखाचा जयभीम.

हे पत्र मी लिहिलं, आईनं फक्त पत्ता लिहिला. मी दुसरीत आहे. पायाला पट्टे लावते, गाडी पण लागते.

तुम्ही जयंतीला येणार असं कळलं. मागच्या वर्षी तुम्ही एसटीतून उतरले आणि मले उचलून घरी आणलं. सगळे पाहत होते. मी बोलली नाही, पण मले ते आवडलं नाही. यंदा मले उचलू नका. मीच तुम्हाले घ्यायले येते.

तुमची बस दहाला येते. मी नऊलाच निघते, पण मले टाइम लागते. मी दिसली नाही तर पुढे निघू नका. तिथंच उभे राहा.

माझ्यावर लोभ करा.
तुमची भाची,
विशाखा