चौथ्या मजल्यावरील उद्वाहनाबाबतचा प्रश्न क्रमांक सात यादीत ठेवणेबाबत

दिनांक ४, सोमवार

प्रति,
मा. सचिव,
विधिमंडळ सचिवालय,
समिती शाखा, दुसरा मजला.

विषय : लोकलेखा समितीच्या १२ तारखेच्या बैठकीच्या प्रश्नावलीतून खोडलेला प्रश्न क्रमांक सात पुन्हा घेणेबाबत, व अर्जदाराविरुद्ध योग्य ती कारवाई करणेबाबत.

संदर्भ : १) सार्वजनिक रुग्णालयाच्या उद्वाहनाबाबत लेखापरीक्षकांचे सलग सहा वर्षांचे शेरे.
२) कक्ष अधिकाऱ्यांनी सदर प्रश्नावर पेन्सिलीने मारलेली फुली, दि. १.
३) अर्जदाराच्या सासूबाईंनी जिन्यात केलेली तोंडी विचारणा.

महोदय,

१. अर्जदार या सचिवालयात सहायक असून गेली चौदा वर्षे लोकलेखा समितीसाठी प्रश्न तयार करतो. सभागृहाने मंजूर केलेला पैसा सांगितलेल्या कामावर लागला की नाही, हे खातेप्रमुखांना समोर बसवून विचारणे हे समितीचे काम. सन्माननीय सदस्यांच्या पुढ्यात एका वेळी दोनदोनशे शेरे असतात; त्यामुळे काय विचारायचे ते अर्जदार लिहून देतो आणि सदस्य ते गंभीर चेहऱ्याने वाचतात. अर्जदारास याचा अभिमान होता. लग्नकार्यात तो "सरकारला जाब विचारणारा माणूस" अशी स्वतःची ओळख करून देत असे, व नातेवाईक विषय बदलत.

२. येथे एक बाब नमूद करणे भाग आहे, जी सहा वर्षांपूर्वीच नमूद व्हायला हवी होती. आरोग्य खात्याच्या लेखा शाखेत समितीच्या प्रश्नांची उत्तरे ज्या वरिष्ठ सहायक तयार करतात, त्या अर्जदाराच्या पत्नी होत. म्हणजे शासनाला प्रश्न अर्जदार विचारतो, शासनाचे उत्तर पत्नी लिहिते, आणि दोन्ही कागद सकाळी एकाच घरातून दोन पिशव्यांत बाहेर पडतात. असे हितसंबंध लेखी कळवावेत, असा नियम आहे. अर्जदाराने कळवले नाहीत. घरात कोणी कोणाचे ऐकतच नसल्याने हितसंबंध निर्माण होण्याचा संभव नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

३. सहा वर्षांपूर्वी सभागृहाने रुग्णालयात उद्वाहन, म्हणजे बाहेर लोक ज्याला लिफ्ट म्हणतात ते, बसवण्यासाठी तरतूद मंजूर केली. वर्ष संपले, रक्कम खर्च न होता परत गेली, लेखापरीक्षकांनी शेरा मारला. त्यावर अर्जदाराने असा प्रश्न काढला : "उद्वाहन प्रत्यक्षात बसवले आहे काय, नसल्यास, त्याची कारणे काय?" अर्जदाराच्या कारकिर्दीतला हा शेवटचा चांगला प्रश्न. त्याचे उत्तर जमवण्यासाठी पत्नीला तीन कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागले, दोन रविवार दप्तर घरी आणावे लागले, आणि तिच्या बहिणीकडे जायचे ठरले होते ते बारगळले. "अहो, जरा सोपं काही विचारता येत नव्हतं का?" एवढेच ती म्हणाली. पुढे नऊ दिवस घरातील भांडी अर्जदाराने घासली. इतके करून ती बैठक पुढे ढकलली गेली आणि नवी यादी करण्याची वेळ आली.

४. नव्या यादीत अर्जदाराने शहाणपणा केला. प्रश्न असा लिहिला : "सदर कामाची सद्यःस्थिती काय?" उत्तर आले : "काम प्रगतिपथावर आहे." इकडे एक ओळ, तिकडे एक ओळ, रविवार मोकळा. पुढे दरवर्षी हाच प्रश्न व हेच उत्तर. सदस्य वाचत, खातेप्रमुख मान डोलवत, समिती समाधान व्यक्त करी, आणि सभागृह त्याच लिफ्टसाठी नव्याने पैसे मंजूर करी, जे पुन्हा परत जात. आपलेच दात आणि आपलेच ओठ अशी गत असल्यावर चावायचे कोणी?

५. अर्जदारास वस्तुस्थिती माहीत नव्हती असेही नाही. पत्नीने ती वाटाणे सोलता सोलता अनेकदा सांगितली आहे. लिफ्टसाठी सोडलेली जागा चार बोटे अरुंद निघाली; बांधकाम खाते म्हणते, आरोग्य खात्याने माप चुकीचे दिले; आरोग्य खाते म्हणते, माप बरोबर होते, भिंत चुकली. त्या जागेत सध्या मोडक्या खुर्च्या आणि फरशी पुसायच्या काठ्या ठेवतात. मात्र लिफ्टचालकाची नेमणूक वेळेवर झाली आणि तो सहा वर्षे बंद दारापाशी स्टुलावर बसून पगार घेत आहे. ही हकिकत ऐकून अर्जदार प्रत्येक वेळी "कमाल आहे बुवा!" असे म्हणे व पुढची शेंग उचले. सार्वजनिक खर्चावर इतके बारीक लक्ष ठेवणारे दुसरे स्वयंपाकघर नसावे.

६. गेल्या महिन्यात सासूबाई चटईला पाय अडकून पडल्या व नडगीचे हाड मोडले. त्यांना त्याच रुग्णालयात नेले; तेथील हाडांचा विभाग चौथ्या मजल्यावर आहे. तो तेथे कोणाच्या डोक्यातून निघाला, हा स्वतंत्र प्रश्न असून त्यासाठी अर्जदाराने वेगळा कागद राखून ठेवला आहे. खाली पोचताच लिफ्टचालक स्टुलावरून उठला, त्याने सासूबाईंना एका लाकडी खुर्चीत बसवले, पुढची बाजू स्वतः धरली व मागची अर्जदारास धरण्यास सांगितले. तो रोज अशा वीस-बावीस खुर्च्या वर नेतो, असे त्याच्याकडूनच समजले. म्हणजे पगार फुकट घेतो हा अर्जदाराचा समजही चुकीचा होता. त्या रुग्णालयात लिफ्ट आहे, ती हा माणूस आहे, आणि त्याची पाठ दुखते. एकूण पायऱ्या शहाण्णव.

७. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अर्जदाराचा दम संपला. मोडक्या पायाच्या सासूबाईच त्याला म्हणाल्या, "जावईबापू, टेका जरा, मला काही घाई नाही." मग आजूबाजूला पाहून म्हणाल्या, "एवढा थोरला दवाखाना आणि लिफ्ट नाही. कुणी विचारत नाही का हो ह्यांना?" महोदय, हे विचारण्यासाठी ज्याला पगार मिळतो तो मनुष्य त्यांच्या खुर्चीची मागची बाजू धरून उभा होता. "विचारतात," असे तो म्हणाला. पत्नी पिशवी घेऊन मागून येत होती. तिने अर्जदाराकडे पाहिले आणि अर्जदाराने पायऱ्यांकडे. अर्जदारास आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. उरलेल्या चोवीस पायऱ्या अर्जदार मोजत चढला.

८. त्यानंतर अर्जदाराने १२ तारखेच्या यादीत प्रश्न क्रमांक सात असा लिहिला : "रुग्णालयात लिफ्ट आहे काय?" कक्ष अधिकाऱ्यांनी त्यावर फुली मारून समासात लिहिले, "भाषा अनौपचारिक. प्रश्न टोकदार. गतवर्षीचाच ठेवावा." त्यांचा यात काडीचा दोष नाही. पाच वर्षे बोथट प्रश्न लिहून त्यांना ही सवय अर्जदारानेच लावली. जे पेरले ते उगवले, आणि तेही पेन्सिलीने.

९. सबब विनंती की, (अ) प्रश्न क्रमांक सात आहे त्या शब्दांत समितीपुढे जाऊ द्यावा. (आ) खाते पुन्हा "प्रगतिपथावर" म्हणाल्यास समितीने पुढील बैठक रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर घ्यावी. मा. अध्यक्षांच्या गुडघ्यांची तक्रार अर्जदारास ठाऊक आहे. लाकडी खुर्ची उपलब्ध असून मागची बाजू धरण्याचा अर्जदारास आता अनुभव आहे. (इ) हितसंबंध लपवल्याबद्दल अर्जदारास आवक-जावक शाखेत किंवा त्याहून खाली, तळघरातील अभिलेख कक्षात पाठवावे. तेथे जाण्यास चौदाच पायऱ्या असून त्या उतरायच्या आहेत. यापैकी (अ) आणि (इ) यांत एकच मंजूर करण्याचा विचार असल्यास, कृपया फक्त (अ) मंजूर करू नये, दोन्ही करावे. शिक्षा टाळून प्रश्न मिळाला तर अर्जदार पुन्हा शहाणपणा करील, अशी त्यास स्वतःविषयी खात्री आहे.

१०. सासूबाईंचे प्लास्टर १९ तारखेला काढायचे आहे, ते अर्थात वरच. लिफ्ट तोवर बसणार नाही, हे अर्जदारास कळते. पण तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या पुन्हा तेच विचारतील, आणि या वेळी अर्जदारास खरे उत्तर द्यायचे आहे.

आपला नम्र, व यापूर्वीच नम्र व्हायला हवा होता असा,
(सही)
सहायक, प्रश्न शाखा

सोबत :
१) प्रश्न क्रमांक सात, फुलीसह.
२) मागील पाच वर्षांचे प्रश्न व उत्तरे. सर्व सारखे असल्याने एकच पान.
३) हितसंबंधांची लेखी कबुली, सहा वर्षे विलंबाने.
४) भाजीच्या यादीच्या पाठीमागे पत्नीने स्वतःहून, सहीनिशी लिहून दिलेली चिठ्ठी. मजकूर : "प्रश्न येऊ द्या. उत्तर 'नाही' एवढंच आहे. रविवार लागणार नाही."