कॅसेटमधली रिकामी जागा

बाबूजी, आज शाळेतून आले तेव्हा पायांत त्राण नव्हतं. दिवसभर मोबाइलवर माहिती भरत बसायचं आणि उरल्या वेळात मुलांना शिकवायचं, अशी आता आमची नोकरी आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आणि खरं सांगते, कशाचीच हौस उरलेली नाही. चहा ठेवला तो उतू गेला, ओटा पुसायचाही कंटाळा आला, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, त्यामुळे उत्तराची घाई नाही.

आपलं गोंदियाचं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही राइस मिलमधून येता, केसांतला भाताचा कोंडा झटकता, हात धुता आणि माझी गिटार मांडीवर घेता. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात लीड, म्हणजे गाण्याची धून, वाजवणारे तेच हात. मी एका गाण्यामधला तुकडा महिनाभर घोकून तयार केलेला असतो. तो वाजवून झालाय आणि मी शाबासकीची वाट पाहतेय. तुम्ही खुंट्या सैल करता आणि वरच्या तीन जाड तारा काढून टाकता. मी रडायच्या बेतात.

"रट्टा मारून राहिली तू," तुम्ही म्हणता. "हे त टेपरेकॉर्डरलेही जमते. आता या तीनच तारा. कॉर्डमध्ये संग वाजणारे सूर किती? तीनच. ते दांडीवर कुठं कुठं भेटतेत, ते शोध."

"अन् चुकली त?"

"चुकली त चुकली. तीनातला एक सूर बाजूलेच रायते. सरकून पकड त्याले."

लाखोळीच्या डाळीला फोडणी देता देता आई ओरडते, "पोरीले जेवू त द्या आधी!"

जाड तारा तुम्ही सहा महिने परत लावल्या नाहीत. राग राग केला मी तुमचा. पण शोधत गेले तसे तेच तीन सूर खाली, मध्ये, वर असे सापडत गेले. कॉर्ड बदलली की नव्या कॉर्डचा जवळचा सूर गाठायचा, मधले सूर नुसते चालत जाण्यापुरते. डोक्याला सगळं समजलं, हाताला मात्र भीती वाटायची. मी जन्माचीच मास्तरीण, चुकीवर लाल फुली मारल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

देवरीला नोकरी लागली तेव्हा बसच्या खिडकीतून तुम्ही कॅसेट दिलीत. "यात निस्त्या कॉर्डा आहेत. लीड तू भर." अर्धा तास तुम्ही एकटेच कॉर्ड वाजवता, माझ्यासाठी जागा सोडून. एके ठिकाणी कॉर्ड बदलते आणि तुम्ही मध्येच म्हणता, "हां! आता आली." मी तिथं नव्हतेच, बाबूजी. तरी तुम्ही शाबासकी देऊन मोकळे झाला होतात. सुट्टीत मी घरी आले की तुम्ही विचारायचात, "वाजवून राहिली न?" मी खोटंच म्हणायची, "रोज." तुम्ही गेलात, कॅसेट मी पुढं मोबाइलवर उतरवून घेतली, आणि एवढी वर्षं ती नुसती ऐकली. वाजवलं तर तुमचा आवाज बुडेल, असं स्वतःला सांगायची. खरं म्हणजे ती शाबासकी घ्यायची मला लाज वाटत होती.

आज ओटा तसाच सोडला आणि गिटार काढली. बोटं आखडलीत. पहिल्यांदाच तुमच्याबरोबर वाजवलं, तेच तीन सूर, रडतखडत. ते ठिकाण आलं, कॉर्ड बदलली आणि बोट नेमकं चुकीच्या सुरावर पडलं. दांडीवर एक फ्रेट, म्हणजे एक घर, बाजूला सरकले मी. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "हां! आता आली." त्यापुढं मला वाजवता आलं नाही. तुम्ही मात्र शेवटपर्यंत कॉर्ड देत राहिलात.

हा कागद गिटारच्या खोळीत ठेवतेय. तुमच्यापर्यंत पोचणार असता, तर "रोज वाजवते" असंच लिहिलं असतं मी.