शिंगाड्याच्या तळ्यातलं आरमार

२ सप्टेंबर १९७४
लखमा भोई शाळेत आला होता. तळ्यात त्याने शिंगाडा लावलाय, पण मदनसिंगच्या म्हशी डुंबायला उतरतात आणि वेलच्या वेल खाऊन टाकतात. त्याचं वर्षाचं पोट त्यावरच. मी इतिहास शिकवतो. निश्चिंत राहा म्हणालो.

३ सप्टेंबर
उपाय सापडला. मध्ययुगात किल्ल्यांवर दगडफेकी यंत्र चालवत. लांब दांडा, एका टोकाला वजन, दुसऱ्याला दगड. नावेवर का बसवू नये? मंगरूळपीरसारख्या ठिकाणी राहून सुचलं, हे विशेष.

८ सप्टेंबर, संध्याकाळ
दांडा: मोडक्या बैलबंडीची धुरी. वजन: घरचं जातं. दळू कशात, असं बायको, अंजना, विचारत होती. गिरणी आहे की! शत्रूवर उकळतं तेलही ओतणार होतो, पण ती तेलाच्या डब्यावर बसून भाजी निवडू लागली. तेल कॅन्सल. शिडासाठी मात्र जुनं लुगडं दिलं.

१५ सप्टेंबर
काठावर ट्रायल. दगड मागे गेला. लखमाच्या बायकोचा, रामीबाईचा, रांजण फुटला. मारा जबरदस्त आहे हे सिद्ध झालं.

२२ सप्टेंबर, सकाळी ९
वारा नाही. शीड लोंबतंय. लखमा बांबूने नाव रेटतोय. समोर आठ म्हशी.

दुपारी १२
जातं खाली आलं ते थेट नावेच्या बुडातून गेलं. दगड जागचा हलला नाही. म्हशींनी माना वर केल्या, परत खायला लागल्या. लखमाने मला शर्टाला धरून बाहेर ओढलं. पोहता येत नाही, हे आधी सांगायला हवं होतं. नाव त्याच्या बापाची होती.

२३ सप्टेंबर
ताप. लाकूडच कुजकं असणार. पुढची नाव सागवानी बांधू. पण नावेशिवाय तो तोडणी कशी करणार? सुचत नाही.

१३ ऑक्टोबर
हिंमत करून तळ्यावर गेलो. लखमा मदनसिंगच्या म्हशीवर बसून शिंगाडे तोडत होता. म्हशीच्या तोंडाला सुतळीचं मुसकं, डवरणीच्या वेळी बैलांनी पिकाला तोंड लावू नये म्हणून बांधतात तसलं. बाकी सातांनाही. मदनसिंग एका शब्दात कबूल झाला म्हणे. निम्मा वेल गेला, निम्मा वाचला.
हे ठाऊक होतं तर आधी का बोलला नाहीस, असं विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "तुमी मास्तर हाये. म्या म्हटलं, तुमाले जास्त समजत असन."
शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फार शरम वाटली. निघताना त्याने माझ्या रुमालात ओंजळभर शिंगाडे बांधून दिले. नको म्हणता आलं नाही.