मागची खोली धाकट्याला न मिळण्याबाबत

मी, वय वर्षे सत्तावन्न, धंद्याने कवळ्या आणि दातांच्या टोप्या घडवणारा, पूर्ण शुद्धीवर असून कुणाच्याही दबावाखाली नाही. राग आहे, पण तो स्वकष्टार्जित आहे. एकतीस वर्षं प्लास्टरची धूळ ओढलेली छाती फार दिवस साथ देईलसं वाटत नाही, म्हणून हे मृत्युपत्र. पूर्वी दोनदा केलं होतं. त्या दोन्हींत धाकट्या भावाविषयी माया होती. ती मायेसकट रद्द समजावीत.

धाकटा दंतवैद्य. पुढचा दवाखाना त्याचा, मागची खोली माझी, अशी वाटणी वडिलांनीच केली. आता त्याला मधली भिंत पाडून तिथे कृत्रिम दात कोरून घडवणारं यंत्र बसवायचं आहे. म्हणतो, "दादा, हातकामाचे दिवस गेले. तोंडात स्कॅनर फिरवला की पडद्यावर जबडा हजर!" होतो हजर, मी पाहिलाय. यंत्राशी माझं वैर नाही.

वैराचं कारण असं. गेल्या वर्षी त्याने आईचा जबडा स्कॅन करून कवळी छापून घेतली. मी कवळी बसवताना माणसाला बोलतं ठेवतो, जमल्यास भांडायला लावतो. भांडताना जबडा काही लपवत नाही. धाकटा आईला म्हणाला, "अजिबात हलू नकोस." ती हलली नाही. घरी पहिल्याच घासाला कवळी ताटात. "त्याला सांगू नकोस रे, हिरमुसेल," आई म्हणाली. मग शेजारणीचा यथेच्छ उद्धार करायला लावून मी चार दिवसांत हाताने दुसरी केली. ती घालून आई हसली, धाकट्याने फोटो काढला आणि दवाखान्यात टांगला. खाली अक्षरं : 'संपूर्ण संगणकनिर्मित हास्य'.

मी खरं काय ते सांगितलं. "असू दे ना दादा, पेशंटला काय फरक पडतो?"

आई गेली. फोटो तिथेच आहे. सबब :

१. मागची खोली, भिंत उभी ठेवून, माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्याच्याच लेकीला. ती दंतवैद्यकी शिकते आहे. "काका, स्कॅन करताना पेशंटला बोलतं ठेवलं तर? हालचालही टिपता येते," असं विचारणारी घरात ती एकटीच. तिने हवं ते यंत्र आणावं. धाकट्याने मात्र या खोलीत फक्त रुग्ण म्हणून पाऊल टाकावं. त्याची खालची डावी दाढ हलते आहे. जेवताना समोर बसतो, म्हणून मला कळलं. त्याला अजून नाही. मी सांगणार नाही. क्षमा हे वीराचं भूषण म्हणतात. मी कारागीर आहे.

२. मेण कोरायच्या सुऱ्या, स्पिरिटचा दिवा, घासायचं मोटारयंत्र : तिलाच. सुऱ्यांनी पाकिटं फोडू नयेत.

३. बँकेतली शिल्लक दवाखाना झाडणाऱ्या मावशींना. फोटो पुसताना त्या रोज, धाकट्याला ऐकू जाईल असं म्हणतात, "दात दादांचे, नाव साहेबांचं."

साक्षीदार लाभार्थी नसावा, असं वकीलबाई सांगतात. म्हणजे पुतणी बाद, मावशी बाद. म्हणून आज धाकट्यालाच विचारलं.

"होईन की साक्षीदार. पण खोलीचं लिहिलंस ना?"

"पहिल्याच कलमात."

तो खूश होऊन पेन उघडून समोर बसला आहे. माझं हे वाक्य संपायचीच खोटी.

ठिकाण : मागची खोली
दिनांक : रविवार, ९ नोव्हेंबर २०२५
मृत्युपत्र करणार : सही
साक्षीदार पहिल्या : वकीलबाई. सही, वाचून.
साक्षीदार दुसरा : धाकटा भाऊ, दंतवैद्य. सही, न वाचता.