तीन बोटांची गिटार

नारायण पेठ, पुणे
११ जानेवारी २००३

प्रिय श्याम,

खडकी काही परदेशात नाही, मग पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर तू "हं", "बरं" आणि "ठेवू?" एवढंच बोलतोस. पत्राला मध्येच "ठेवू?" म्हणता येत नाही.

आधी बातमी. गेल्या वर्षीपासून वरच्या खोलीत अभिनव नावाचा भाडेकरू आहे. मूळचा चंद्रपूरचा, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. कंपनीने दोन वर्षं अमेरिकेला धाडलं होतं. तिथून सगळे चॉकलेटं आणतात, याने बँजो आणला. आपल्या मिरवणुकीतला बटणांचा नव्हे. डफासारखं गोल कातडं आणि त्यावर पाच तारा. पहिल्या रविवारी तो ऐकून हे म्हणाले, "पत्र्यावर वाटाणे सांडले का कुणी?" मी मात्र जिन्यात उभीच राहिले. दोघं जण वाजवताहेत असं वाटत होतं. वर जाऊन पाहते तर हा एकटा, आणि उजव्या हाताची तीनच बोटं हलताहेत: अंगठा, तर्जनी, मधलं. अनामिका आणि करंगळी कातड्यावर नुसती टेकलेली. ही दोन काहीच करत नाहीत का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "त्यांना सुट्टी असते, काकू."

श्याम, त्यानंतर तो काय बोलला ते मला आठवत नाही. मला तुझा हात दिसत होता.

येत्या मे महिन्यात त्या अपघाताला दहा वर्षं होतील. सिस्टर बर्नाडेटनी शिकवलेले चार कॉर्ड मी कॉन्व्हेंटमधून घरी आणले आणि तुला शिकवले. सहा महिन्यांत तू मला शिकवायला लागलास, वर "नंदाताई, तू शाळेचं गॅदरिंगच सांभाळ" असंही म्हणालास. बरोबरच होतं ते. तुझ्या उजव्या हाताची चार बोटं तारांवरून पाण्यासारखी जायची. मग त्या हाताची शेवटची दोन गेली आणि तू गिटार माझ्याकडे आणून दिलीस, "शाळेत देऊन टाक" म्हणालास. मी दिली असं सांगितलं. दिली नव्हती. माझ्या पलंगाखाली होती, जुन्या चादरीत. रागाव हवं तर.

ती मी बाहेर काढली आणि अभिनवला म्हटलं, तुझं बँजोचं काम हिच्यावर कर. त्याने डोकं खाजवलं, आठवडाभर खटपट केली. पाचवी जाड तार काढून तिथे अगदी बारीक तार चढवली, वरच्या सुरातली. अंगठा फिरून फिरून तिच्यावर येतो आणि ती तानपुऱ्यासारखी मागे बोलत राहते. बाकीच्या तारा अशा लावल्या की डावा हात न लावता छेडल्या तरी सुरात. मग आठ मात्रांत तीन बोटं फिरवायची, तीन, तीन आणि दोन. कळायला दहा मिनिटं, जमायला आठ महिने. छप्पन्नाव्या वर्षी माझ्या बोटांना फोड आले. हे विचारतात, स्वयंपाकाला सुट्टी कधीपर्यंत?

माझी ती दोन बोटं सवयीने मध्ये यायची. म्हणून डॉक्टरी चिकटपट्टी आणली आणि ती तळहाताशी बांधून टाकली. रोज सकाळी शिकवण्यांच्या आधी तासभर. एकदा पट्टी काढायची राहिली आणि एका मुलीच्या आईने "लागलं का, बाई?" म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. ज्याला लागलं होतं तो खडकीत खिडकीशी बसून पेपर वाचत होता. गेल्या गुरुवारी पहिल्यांदा एक अख्खी चाल न अडखळता वाजली. अभिनव जिन्यातूनच ओरडला, "काकू, तुमचं तर जमून राहिलं ना!" मी पट्टी सोडली आणि हुंदका आला. त्याला वाटलं, आनंदाने.

आता जे लिहायला बसले ते. अपघाताच्या त्या रविवारी टाकीत पाणी चढवायची मोटर अडकली होती. तू मागचं झाकण काढून पंखा हाताने फिरवत होतास. साडेपाचला नळाला पाणी आलं आणि स्वयंपाकघरातला माझा हात रोजच्यासारखा बटणावर गेला. तू बाहेर आहेस हे बटण दाबल्यावर आठवलं. तू सगळ्यांना सांगितलंस की मोटर आपोआप सुरू झाली, वायरिंग खराब आहे. ह्यांनी घरभर नवं वायरिंग केलं आणि मी इलेक्ट्रिशियनला चहा देत राहिले. तुला माहीत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. पण रिक्षात, टॉवेलमध्ये हात गुंडाळलेला असताना, तू मला म्हणाला होतास, "टाकी भरली का गं?" ते वाक्य मी दहा वर्षं ऐकते आहे. बटण मी दाबलं, श्याम. माफ करायचं की नाही ते तू ठरव, पण त्यासाठी वाजवणं अडवून ठेवू नकोस. येत्या रविवारी सकाळी गिटार घेऊन येते आहे. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसून वाजवीन. तिसऱ्या ओळीत माझा अंगठा अजून चुकतो, आणि चुकीचा सूर ऐकून तू कधी गप्प बसला नाहीस.

तुझीच,
चार कॉर्डवाली
नंदाताई