शकूच्या नावावरचे मोर

आत्याबाई,

प्रिय लिहिणार होते, हात वळला नाही. सासूला आत्याबाई म्हणायचं, हे तुम्हीच शिकवलंत, तेवढंच लिहिते.

आज तुमचा दहावा झाला. तुमच्या शकूच्या सासरचेही श्रीगोंद्याहून आले होते. त्यांच्यापुढे तुमच्या लेकीनं काय केलं, ते तुम्हाला कळायला हवं. तुम्ही होतात तोवर तुमच्यासमोर मनातलं काही बोलले नाही. आता तुम्ही अडवू शकत नाही.

लग्नात माझ्या आईनं मला भरतकामाचा डबा दिला होता. कापड ताणायच्या दोन लाकडी रिंगा, बोथट टोकाच्या सुया, चोचीची कात्री, बोटात घालायचं अंगुस्तान, रंगीत लड्या. तुम्ही झाकण उघडून पाहिलंत आणि म्हणालात, "ही कसली खेळणी? हितं रानात काम हाय." डबा तुमच्या ट्रंकेत गेला.

मग शकूला पाहायला येणार म्हटल्यावर तो बाहेर आला. पोरीला भरतकाम यायला पाहिजे, असा त्यांचा निरोप होता. मी दोसुती कापडावर फुलीच्या टाक्यानं दोन मोर भरले. बघायच्या दिवशी मला मागच्या पडवीत बसवलंत. पाहुणीनं कापड उलटून बघितलं. "पाठीमागनं बी गाठ दिसत न्हाई," ती म्हणाली. "आमच्या शकूचा हातच तसा हाय," तुम्ही म्हणालात. मी पडवीतून ऐकत होते. मला एवढंही समाधान द्यायचं नव्हतं तुम्हाला?

लग्न ठरलं. डबाही शकूबरोबर निघाला. मी विचारलं, "आत्याबाई, माझा डबा?"

"तुला कशाला? तुला आता कोन बघायला येनार हाय?"

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. विसरायचंही नाही.

सासरी चार बायकांत शकूच्या मांडीवर कापड टाकलं आणि टाका घालून दाखव म्हणाले. तिला सुईत दोरा ओवता येईना. संक्रांतीच्या आत तिला परत आणून सोडलं. ती दारात डबा घेऊन बसली होती, पाणीसुद्धा मागत नव्हती.

तुम्ही तिला काही बोलला नाहीत. माझ्याकडे वळलात. "तूच मुद्दाम शिकवलं न्हाईस तिला." कधी बसू दिलं होतं तिला माझ्याजवळ? दोन्ही रिंगा तुम्ही माझ्यादेखत चुलीत घातल्यात. त्याच चुलीवर भाकरी झाली. तुमचा मुलगा भिंतीकडे तोंड करून जेवला आणि उठला.

पुढं दुष्काळ पडला. शकूला घरी ठेवून मला दुष्काळी कामावर खडी फोडायला धाडलंत. बोटं फुटली, टोकं खरखरीत झाली. आता रेशमी दोरा हातात धरला की बोटांना अडकतो आणि पिंजतो. मला पुन्हा मोर भरता येणार नाहीत.

एकदा तुम्ही बाजारला गेलात तेव्हा शकू माझ्याजवळ आली. "वैनी, मला शिकवशील?" लड्या जपून वापरायच्या होत्या, म्हणून गोणपाटावर सुतळी आणि दाभण घेऊन सुरुवात केली. भोकं मोठी, मोजायला सोपी. माझे हात चालत नव्हते, मी तोंडानं सांगायची. तिनं जिद्दीनं शिकून घेतलं. तुम्हाला शेवटपर्यंत पत्ता नव्हता.

आज शकूनं लपवून भरलेलं कापड पहिल्यांदाच बाहेर काढलं होतं, ते पाहून तिची सासू म्हणाली, "चल की घरी आता. झालं गेलं जाऊ दे."

शकू उठली. भरल्या घरात म्हणाली, "तवाचे मोर माझे नव्हते. वैनीनं भरल्याले. आई तुमच्याशी खोटं बोलली. पर टाका येत न्हाई म्हनून तुमी मला टाकली, आन येतो म्हनून न्यायला आला. मी येनार न्हाई."

पाहुणे जेवायचेही थांबले नाहीत. तुमचा मुलगा माझ्याकडे बघत राहिला, मी तिला गप्प करीन म्हणून. मी वाढत राहिले. तुमची अब्रू गेली, आत्याबाई, आणि मला वाईट वाटलं नाही.

शकूला या घरातून कुणीही हलवणार नाही, तुमचा मुलगाही नाही, हा शब्द देते. तुमचं श्राद्ध वेळेवर होईल, नैवेद्यात काही कमी पडणार नाही. तुम्हाला माफ करण्याचं मात्र कबूल करत नाही.

तुमची सून,
यमुना